बारापैकी आठ

5 मे 2025, सोमवार
बारावीचा निकाल. राज्य 91.88. लातूर विभाग 89.46, नऊ विभागांत शेवटचा. आमच्या कला शाखेत सात नापास, त्यातले पाच इंग्रजीत. विज्ञान शाखा शंभर टक्के. संस्थेच्या सचिवांनी पेढे मागवले. मी अर्धा खाल्ला.

13 मे, मंगळवार
आज दहावीचा. पैकीच्या पैकी गुण राज्यात 211 जणांना. त्यातले 113 लातूर विभागातले. आठ दिवसांपूर्वी शेवटचे, आज पहिले. शंभरवाली मुलं अकरावीला आमच्याकडे येत नाहीत. आली तरी नुसतं नाव येतं.

28 मे
अकरावी प्रवेश यंदा सगळ्या राज्यात ऑनलाइन. इतकी वर्षं हे मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांचं होतं. ऑफिसात पालकांची रांग. साइटवर चक्र फिरतंय. दहा पसंतीक्रम भरायचे. एकजण म्हणाला, "धा कामून? आमाला तर येकच ठाव हाय."

14 जून, शनिवार
नीटचा निकाल. सकाळपासून मोबाइलवर अभिनंदनच अभिनंदन. संध्याकाळी लोह्याच्या चौकात नवा फ्लेक्स. त्यात आमच्या पटावरची दोन मुलं. क्लासचं नाव मोठं, मुलांची नावं त्याखाली. आमचं नाव नाही. तक्रार तरी कुठल्या तोंडानं करू.

16 जून
शाळा उघडली. पाऊस नाही.

24 जून
नांदेडच्या एका वरिष्ठ महाविद्यालयाचं पत्र. ऑक्टोबरात चर्चासत्र: 'उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांना पदवीचे श्रेयांक : शाळाप्रमुखांची भूमिका'. दोन पानी मत आधी पाठवायचं.
पत्रासोबत टिपण. राष्ट्रीय श्रेयांक आराखडा, एप्रिल 2023. तीस तासांचा एक श्रेयांक. वर्षाचे 1200 तास, 40 श्रेयांक. पाचवी म्हणजे पातळी 1, आठवी 2, दहावी 3, बारावी 4. पदवीचं पहिलं वर्ष 4.5.
बारावी आणि बी. ए. पहिलं वर्ष यांत अर्ध्या पायरीचं अंतर. कागदावर.

25 जून
मताचा पहिला मसुदा. "नको. आधी मुलं वर्गात आणा, मग बोलू." पुढं सुचेना.

3 जुलै
बारावी विज्ञान. पटावर 80. मोजली, वर्गात 11. बाकीची लातूरला ट्यूशन एरियात, नाहीतर नांदेडला श्यामनगर-बाबानगरात. नाव इथं, मूल तिथं. प्रात्यक्षिकाला येतात, परीक्षेला येतात.
महिनाअखेर हजेरीपत्रकं टेबलावर येतात. सगळे 'उ'. खाली सही माझी.

4 जुलै
तीस तासांचा एक श्रेयांक.

8 जुलै
कला बारावीवर तास घेतला. इंग्रजीचे सर तासिका तत्त्वावरचे, मानधन थकलंय, त्यांनी येणं सोडलं. वर्गात 23. त्यातल्या 19 मुली. एसटीचा मोफत पास आहे म्हणून येतात. पास नसता तर कितीजणी आल्या असत्या, हा हिशेब नको.
हजेरी क्रमांक 14. शेवटच्या बाकावर. विचारलं, सुट्टीत काय केलंस? "निंदायला गेले मॅडम. आन् मोबाइलवर इंग्रजी ऐकलं." कुणाचं? "आयआयटीच्या मॅडमचं."

9 जुलै
चौदा नंबरला ऑफिसात बोलावलं. मोबाइल भावाचा, काच तडकलेली. एनपीटेलवर, म्हणजे आयआयटीच्या ऑनलाइन वर्गांत, बारा आठवड्यांचा इंग्रजीचा अभ्यासक्रम. फुकट आहे, कुणालाही नाव घालता येतं. परीक्षा द्यायची तर हजार रुपये. पास झालं तर प्रमाणपत्र. अभ्यासक्रम 3 श्रेयांकांचा.
तिला श्रेयांक शब्द माहीत नव्हता. तिला फक्त "त्या मॅडम थांबून थांबून बोलतात" एवढंच आवडलेलं.
मी म्हटलं, दर आठवड्याचा स्वाध्याय मला दाखवायचा. का म्हटलं, माहीत नाही.

20 जुलै, रविवार
सिएटलहून वन्संचा फोन. त्यांची नात सतरा वर्षांची, आपल्या हिशेबानं अकरावी. सकाळी शाळा, दुपारी जवळच्या कम्युनिटी कॉलेजात. 'रनिंग स्टार्ट' म्हणतात. वॉशिंग्टन राज्यात 1990 च्या कायद्यानं सुरू झालं. शिकवणीची फी नाही. पुस्तकं आणि जाणं-येणं आपलं. तोच विषय शाळेतही धरतात, कॉलेजातही.
विचारलं, तिथल्या मुख्याध्यापकांचं काय म्हणणं? वन्सं हसल्या. "अगं, तेच! चांगली पोरं दुपारी निघून जातात म्हणून कुरकुरतात."
चांगली पोरं निघून जातात. हे दुखणं एवढ्या लांब निघालं.

24 जुलै
स्वाध्याय एक. दहापैकी सहा. दोन प्रश्न मलाही चुकले असते.

2 ऑगस्ट
लोह्यात मुख्याध्यापकांची मासिक बैठक. विषयपत्रिका: अपार आयडी, यूडायस, आधार. श्रेयांक शेवटी, चहा आल्यावर.
ज्यांच्या संस्थेचं वरिष्ठ महाविद्यालयही आहे ते सर एकदम अनुकूल. "बारावीतच तीन-चार श्रेयांक दिले की पोरगं आपल्याकडंच बी. ए. ला येतं." त्यांच्या पदवीच्या जागा रिकाम्या आहेत, हे सगळ्यांना माहीत.
आश्रमशाळेचे सर: "माझ्याकडं रेंजसाठी पोरं टाकीवर चढतात."
एक तरुण प्राचार्य: "संचमान्यतेत हा कार्यभार धरणार का? नसेल तर फुकट कोण शिकवणार?" सगळ्यांत टाळ्या यालाच.
मी गप्प. विज्ञानाच्या हजेरीबद्दल कुणीच बोललं नाही. सगळ्यांचीच तशी आहे.

6 ऑगस्ट
चौदा नंबरचे वडील आले. टोपी हातात. बाहेर बाकावर बसलेले, शिपाई मामांनी आत आणलं.
"पोरगी रातच्याला काय करूलाली मॅडम? म्हनते क्रेडिट. क्रेडिट म्हंजे कर्जच की."
समजावलं. पेढी आहे, तिथं शिकलेलं जमा होतं. पुढं कॉलेजला गेलं की कामाला येतं. सात वर्षं टिकतं.
"सात वर्सानं बुडतंय म्हना की." थोड्या वेळानं, "आमचं कंदी बुडत न्हाई. कृषी केंद्रवाला लिवूनच ठिवतो."
जाताना विचारलं, हजार कधी लागतील? सप्टेंबरअखेर. "सोयाबीन आल्यावर देऊ."

11 ऑगस्ट
अकरावी एकदाची सुरू. कला शाखेत निम्मी बाकं रिकामी. पुढच्या संचमान्यतेत एक पद जातं की काय. रात्री झोप नाही.

18 ऑगस्ट, सोमवार
रात्रभर पाऊस. मुखेडकडं ढगफुटीसारखं. हसनाळ, रावणगाव पाण्यात. सैन्य बोलावलं म्हणतात. आमचे शिपाई मामा मुखेडकडचे. फोन लागत नाही.

19 ऑगस्ट
मामांचा फोन लागला. घरचे सुखरूप. दोन म्हशी गेल्या.

22 ऑगस्ट
पोळा. चिखलात बैलं. कुणी मिरवलं नाही.

29 ऑगस्ट
परत तेच. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले. नांदेडला नदीकाठच्या वस्तीत पाणी. आमच्या रस्त्यावर पुलावरून पाणी, शाळा बंद. चौदा नंबरचे दोन स्वाध्याय बुडाले. लाइट नाही, मोबाइल बंद.

31 ऑगस्ट
महालक्ष्म्या. घरात पाहुणे. स्वयंपाक करता करता मनात मताचा दुसरा मसुदा. "द्या, पण शहरातल्या अटी खेड्याला लावू नका." वाक्य बरं वाटलं. रात्री उतरवून वाचलं तर पुढाऱ्याचं वाटलं.

3 सप्टेंबर
चौदा नंबर आली. घाबरलेली. "दोन गेले मॅडम, आता नापास का?"
दोघींनी मिळून नियम वाचले. स्वाध्यायाला 25 गुण, परीक्षेला 75. बारा स्वाध्यायांतले उत्तम आठ धरतात.
बारापैकी आठ.
तिनं ते वहीत लिहिलं आणि चौकट केली. पूर येणार हे नियम करणाऱ्या मद्रासच्या आयआयटीत कुणाला माहीत होतं?

13 सप्टेंबर, शनिवार
लातूरला गेले. भावाचा मुलगा ट्यूशन एरियात, बारावी. त्याचं नाव दुसऱ्याच तालुक्यातल्या कॉलेजात. विचारलं, तुझ्या प्राचार्यांचं नाव काय? आठवेना. बिचारा ओशाळला. मीच ओशाळले खरं तर.
रात्री साडेनऊला रस्त्यावर पोरंच पोरं. पाठीवर सॅक, हातात डबा. सगळी सारखीच थकलेली. मेसवाल्या मावशी एकेकाला नावानं ओळखतात. कोण आजारी, कोण दोन दिवस जेवला नाही, तोंडपाठ. खरी हजेरी त्यांच्याकडे.
परतताना शाहू कॉलेजवरून आले. लातूर पॅटर्नची सुरुवात इथल्या वर्गांत झाली होती. जादा तास, सराव परीक्षा, सुट्टीतही शिकवणारे प्राध्यापक. तेव्हा मूल ज्या पटावर, त्याच बाकावर.

17 सप्टेंबर
मुक्तिसंग्राम दिन. झेंडा. भाषणात मुलांना नांदेडच्या विद्यापीठाचं सांगितलं. स्वामी रामानंद तीर्थ यांचं नाव, आजचीच तारीख, 1994. पहिले कुलगुरू जनार्दन वाघमारे, त्याआधी शाहू कॉलेजचे प्राचार्य. कॉलेजातून विद्यापीठापर्यंत माणूस गेला, सांगायला छान वाटलं. चौदा नंबरनं नंतर विचारलं, "विष्णुपुरीला विद्यापीठात आपल्याला आत जाता येतं का?"

18 सप्टेंबर
वेळ होता म्हणून माझ्या जुन्या सरांकडे जाऊन आले. वय 77. पीपल्स कॉलेजचे विद्यार्थी. म्हणाले, "तुमचं नवं काय? आम्ही अकरावी मॅट्रिक झालो आणि पी. यू. सी. ला सरळ विद्यापीठातच होतो. सोळाव्या वर्षी. दहा अधिक दोन आलं, पंचाहत्तरला पहिली दहावीची तुकडी, सत्त्याहत्तरला पहिली बारावी. ते वर्ष विद्यापीठाकडून काढून बोर्डाला दिलं. इमारत तीच, बाकं तीच, प्राध्यापकही कधी तेच. मध्ये भिंत घातली. आता भिंतीला खिडकी पाडायची म्हणता."
चहा संपल्यावर, "नरहर कुरुंदकर गुरुजी प्रतिभा निकेतन शाळेत शिकवायचे तेव्हा पदवी नव्हती त्यांच्याकडं. कोणत्या पेढीत जमा होतं ते?"
उत्तर मागत नव्हते. खिडकीबाहेर बघत होते.

28 सप्टेंबर, रविवार
आठ दिवस पाऊस. सोयाबीन शेतात उभं सडतंय. शेंगांना कोंब. परीक्षेचे पैसे भरायची मुदत जवळ.

29 सप्टेंबर
चौदा नंबर आली नाही.

30 सप्टेंबर
आजही नाही. मामांना निरोप घेऊन पाठवलं. "पोरगी म्हणाली, राहू द्या. परीक्षा नाही देत."
ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून हजार भरले. केंद्र नांदेड. घरी सांगितलं नाही.

1 ऑक्टोबर
महिनाअखेरची हजेरीपत्रकं. विज्ञान, सगळे 'उ'. पूर आला त्या आठवड्यातही 'उ'. पेन उचललं, ठेवलं. पुन्हा उचललं.
केली सही.

4 ऑक्टोबर
वडील आले. रागावलेले. "मॅडम, तुमी भरलाव. इचारायचं तरी." मी म्हटलं, राहू द्या हो दादा. ते म्हणाले, "राहू कसं द्यायचं? लिवून ठिवा." माझ्याच टेबलावरच्या डायरीत लिहायला लावलं. तारीख, रक्कम. खाली अंगठा देतो म्हणाले. नको म्हटलं. मग सहीच केली, हळूहळू, आडनावासकट.

11 ऑक्टोबर, शनिवार
नांदेड. चर्चासत्र. एसी हॉल, फेटे, दीपप्रज्वलन, पावणेदोन तास उशीर.
पहिल्या वक्त्यांनी सगळं राष्ट्रीय शिक्षण धोरण वाचून दाखवलं. 29 जुलै 2020, श्रेयांक पेढी 2021, आमच्याकडं संलग्न महाविद्यालयांत 2024 पासून. सत्राला 22 श्रेयांक, वर्षाला 44. मुख्य विषय, खुला विषय, कौशल्य, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली. शेजारच्या मॅडम कानात म्हणाल्या, "आमच्या एफ. वाय. ला एवढे विषय, पोरं वेळापत्रक घेऊन येतात आणि विचारतात, आज कुठं बसू?"
दुपारी आमची पाळी. प्रत्येकी चार मिनिटं.
हुशार मुलाला संधी मिळेल. हुशार मुलाचं बारावीचं लक्ष उडेल. मुली लग्नाआधी पदवीच्या जवळ पोचतील. मुली आणखी थकतील. बोर्ड आणि विद्यापीठ आधी एका टेबलावर बसवा. शुल्क कोण घेणार? नापास झाला तर कुणाचा निकाल पडेल?
प्रत्येकाचं थोडं खरं.
मी उठले. लिहिलेलं पान पर्समध्येच राहिलं. म्हटलं, आमच्याकडे एक मुलगी बारापैकी दहा स्वाध्याय पूर्ण करून बसली आहे. बारावी कला. पुढं तुमच्यापैकी कुणाकडे बी. ए. ला आली तर तिचे तीन श्रेयांक धराल का?
शांतता. मग अध्यक्ष म्हणाले, चांगला प्रश्न आहे, धोरणात्मक पातळीवर विचार होईल.
संयोजकांनी लेखी मत स्मरणिकेसाठी डिसेंबरअखेरपर्यंत मागितलंय.

21 ऑक्टोबर
लक्ष्मीपूजन. गावात फटाके कमी.

2 नोव्हेंबर, रविवार
परीक्षा. चौदा नंबर, तिची आई, मी. एसटीत तिघींना अर्धं तिकीट. शाळेचा पास नांदेडला चालत नाही.
केंद्रावर सगळे इंजिनिअरिंगचे. दारावरच्या मुलानं विचारलं, "कौनसा कॉलेज?" तिनं शाळेचं नाव सांगितलं. त्यानं यादी दोनदा बघितली.
तीन तास आई आणि मी झाडाखाली. आईनं भाकरी सोडली. "कॉम्पुटरला हात लावलाय का तिनं कंदी?" लावलाय, ऑफिसातला. सहा वेळा.
बाहेर आली तेव्हा हसत होती. "माउस उलटा धरला होता मॅडम सुरवातीला."

14 नोव्हेंबर
अपार आयडी, श्रेयांक त्यावरच जमा व्हायचे. चौदा नंबरचं नाव जुळत नाही. जनरल रजिस्टरात एक, आधारवर इंग्रजीत एक अक्षर जास्त. आमच्याकडून वर जात नाही. आधार केंद्रावर जा म्हटलं. मजुरी बुडवून दोनदा गेले, सर्व्हर नव्हतं.
विज्ञानाच्या ऐंशींचं सगळं जुळलं. क्लासवाल्यांनी करून पाठवलं.

3 डिसेंबर
त्या महाविद्यालयात फोन केला. ऑक्टोबरात ज्यांनी संधी-संधी म्हटलं, तिथंच. नियम कागदावर आहे, स्वयम्‌चे, म्हणजे एनपीटेलचेही, अभ्यासक्रम सत्राच्या 40 टक्क्यांपर्यंत धरता येतात. क्लार्क सभ्य होते. "मॅडम, आमच्याकडं प्रवेश घेतल्यावर केलेलं असेल तर. आधीचं कसं धरणार? तेव्हा ती आमची विद्यार्थिनीच नव्हती."
बरोबरच आहे त्यांचं. ऐंशी मुलं माझे विद्यार्थी आहेत, त्यांचं सगळं धरतात.

12 डिसेंबर
निकाल. 47. पास. प्रमाणपत्र मोबाइलवर. प्रिंट काढली, रंगीत, ऑफिसच्या खर्चानं. तिनं धरली नाही, हात ओले होते. आधी पदराला, नाही, ओढणीला पुसले.
वर्गात वाचून दाखवलं. पोरींनी टाळ्या. एकीनं विचारलं, "ह्याचं काय होतं मॅडम?"

15 डिसेंबर
स्मरणिकेसाठी मत. दोन पानांच्या पाच ओळी झाल्या.
"श्रेयांक द्यावेत. ते कोणत्याही खिडकीवर चालले पाहिजेत. न चालणारी नोट मुलांच्या हातात देऊ नये. तीस तासांचा एक श्रेयांक असेल, तर तास कोण मोजणार हे आधी ठरवावं. मी शाळाप्रमुख म्हणून मोजलेले तास खरे नाहीत."
शेवटची ओळ खोडली. पुन्हा लिहिली. पाकीट अजून टेबलावर.

18 डिसेंबर
माळेगावची यात्रा सुरू. निम्मी शाळा तिकडं. घोडे बघायला गेलेत. कारण तरी खरं सांगून जातात.

19 डिसेंबर, शुक्रवार
येळवस, म्हणजे वेळा अमावस्या. चौदा नंबरच्या घरचा आग्रह होता. शेतात गेलो. कडब्याची कोप, आत पांढरे दगड मांडलेले, चुना लावून. भज्जी, उंडे, आंबील. आंबील तीन वाट्या झाली. खरिपाचं काही उरलं नाही, पण हरभरा हिरवागार. तुरीला शेंगा.
वडिलांनी खिशातून चार शंभराच्या नोटा काढल्या. "ह्ये घ्या. ऱ्हायलेलं तूर झाल्यावर. डायरीत लिवा."
डायरी शाळेत होती. म्हटलं, लक्षात ठेवते.
"न्हाई मॅडम. लिवा."
पोरीनं वहीचं पान फाडून दिलं. तिच्याच वहीतलं, एका कोपऱ्यात चौकट केलेली. तिथंच लिहिलं. 19 डिसेंबर, 400 जमा, 600 बाकी. खाली दोघांच्या सह्या.
घरी येऊन पाकीट बंद केलं. सकाळी मामांकडे द्यायचं.